मागचं कॅरिअर घेण्याआधी टाच मोजा

लांबच्या सायकल सफरीची तयारी करणारा प्रत्येक जण मला पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: कॅरिअर स्टीलचं घेऊ की ॲल्युमिनियमचं? या प्रश्नाचा नंबर खूप खाली लागतो. त्याआधी बघायचं ते हे की भरलेली पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या कडेला अडकवायची पिशवी, लटकवल्यावर पेडल मारताना तुमची टाच तिला लागते का. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे कॅरिअर रिकामं असतं आणि पिशव्या दुसऱ्या कपाटात असतात.

सुरुवात फ्रेमपासून. मागच्या चाकाच्या आसाजवळ दोन्ही बाजूंना आटे पाडलेली भोकं हवीत आणि वर, सीटच्या खाली, आणखी दोन. चारही असतील तर प्रश्न मिटला. वरची दोन नसतील तर रबर लावलेल्या पी-क्लिप, म्हणजे नळीभोवती आवळायच्या पट्ट्या, चालतात, कारण वरचे टेकू कॅरिअरला फक्त पुढे-मागे डुलू देत नाहीत. खालची दोन नसतील तर मात्र तिथे क्लिप लावू नका. सगळं ओझं त्याच दोन बिंदूंवर असतं आणि क्लिप नळीवरून घसरते. अशा सायकलला आसालाच बसणारं कॅरिअर मिळतं, ते घ्या. सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, एकाच पकडीने लावायचं कॅरिअर हे रेनकोट आणि डब्यासाठी आहे. त्याला दोन पॅनियर अडकवून घाट उतरायला निघू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

आता टाच. इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून इथे थांबणार.

पहिल्यांदा सामान लादून अलिबागहून किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो तेव्हा माझ्याकडे साधी हायब्रिड होती. घरी पिशव्या लावून गल्लीत दोन चकरा मारल्या होत्या आणि सगळं ठीक वाटलं होतं, पण त्या चकरांत पिशव्या रिकाम्या होत्या. भरलेली पिशवी पुढच्या कोपऱ्यात फुगते. मुरूड यायच्या आधीच उजव्या बुटाची टाच दर फेरीला तिच्यावर घासायला लागली. मग मी पाय पेडलवर पुढे सरकवला आणि तळव्याच्या मध्यावर जोर देत राहिलो. संध्याकाळपर्यंत गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघताना पिशव्या जातील तितक्या मागे ढकलल्या. टाच सुटली, पण दिघीहून पुढच्या चढांवर हँडल हलकं झालं आणि उतारावर सायकलचं मागचं अंग हेलकावे घेऊ लागलं. दोन्ही दुखणी एकाच चुकीची होती: कॅरिअर माझ्या फ्रेमला आणि माझ्या पायाला जुळत नव्हतं.

हिशोब साधा आहे आणि तो घरी करता येतो. बहुतेक सायकलींचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 170 मिलीमीटर असतो. नऊ नंबरच्या बुटात पेडलच्या मध्यापासून टाचेच्या टोकापर्यंत साधारण 20 सेंटीमीटर भरतात. म्हणजे पेडल सर्वात मागे असताना टाच क्रँकच्या आसापासून 37 सेंटीमीटर मागे पोचते. हायब्रिडचा चेनस्टे, म्हणजे क्रँकच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर, साधारण 43 सेंटीमीटर. उरले सहा! चाकाच्या आसाच्या पुढे पिशवीला तेवढीच जागा, आणि त्यातही फुगवटा धरायचा. सफरीसाठीच बनवलेल्या सायकलींचा चेनस्टे 45 सेंटीमीटर किंवा जास्त ठेवतात तो याचसाठी. रेसिंग सायकलचा 41च्या आसपास असतो, म्हणून तिच्यावर मोठ्या मागच्या पिशव्या लादायचा हट्ट मी कोणालाच करू देत नाही.

आकडे मांडूनही खात्री करायची ती पुठ्ठ्याने. तुमच्या पॅनियरच्या मापाचा पुठ्ठा कापा. 20 लिटरची पिशवी साधारण 42 सेंटीमीटर उंच आणि वर 32 सेंटीमीटर रुंद असते, खाली निमुळती होते, आणि हाच निमुळतेपणा टाचेला वाचवतो. तो पुठ्ठा कॅरिअरच्या कडेला चिकटपट्टीने लावा. सफरीत घालणार तेच बूट किंवा फ्लोटर घाला, भिंतीला हात टेकवून सीटवर बसा आणि पेडल उलटं फिरवा. खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा, तुम्हाला बसल्या जागेवरून दिसत नाही. टाच आणि पुठ्ठा यांच्यात तीन बोटं आडवी जायला हवीत. दोन बोटांवर समाधान मानू नका, भरलेली पिशवी एक बोट खाऊन टाकते.

हे अंतर मिळवण्यासाठी पिशवीचा मध्य चाकाच्या आसाच्या सात-आठ सेंटीमीटर मागे न्यावा लागला तरी चालतं. त्याहून फार मागे गेला की हेलकावे सुरू. म्हणजे दुकानात बघायचं ते हे: कॅरिअरची वरची नळी आसाच्या मागे पुरेशी लांब आहे का, आणि पिशवीचा खालचा हूक त्या जागी कशात अडकेल. काही कॅरिअरना पिशवीसाठी वेगळी नळी थोडी खाली दिलेली असते. मला ती आवडते. ओझं खाली जातं, आणि वरची फळी तंबूला मोकळी राहते. दूधवाल्यांच्या किटल्या सायकलला उंच न ठेवता चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लटकवलेल्या असतात, त्यामागेही हेच आहे. फक्त पिशवी खाली आली की पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा द्यायची.

डिस्क ब्रेकवाल्यांनी आणखी एक बघायचं. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा भाग, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत असेल तर अडचण नाही. आसापासून सीटकडे जाणाऱ्या नळीवर बाहेर असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो. दुकानदार मग लांब बोल्ट आणि तीन-चार वॉशरची चळत लावून पाय बाहेर ढकलून देतो. हे होऊ देऊ नका. पाय फ्रेमपासून जितका दूर, तितका बोल्ट वाकतो, आणि खड्ड्यागणिक वाकत वाकत एक दिवस डोकं तुटतं. आटे फ्रेमच्या आत अडकून राहतात आणि ते काढायला ड्रिल लागतं. डिस्कसाठी पाय बाहेर वळवलेलं कॅरिअर मिळतं, तेच घ्या. याच कारणाने मडगार्डची तार आणि कॅरिअर एकाच भोकात लावायचे असतील तर कॅरिअर फ्रेमला चिकटून, तार बाहेर.

वजनाचा आकडा कॅरिअरवर छापलेला किंवा कोरलेला असतो. 25 किलो लिहिलेलं घ्या आणि 15 लादा. या 25 किलोंत पिशव्यांचं स्वतःचं वजनही येतं, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत 15 किलोंचा धक्का 15 किलोंचा राहत नाही.

कॅरिअरच्या नळीची जाडी आणि पिशवीचे हूक जुळायला हवेत, बहुतेक ठिकाणी 10 मिलीमीटर असते. हूक सैल बसत असतील तर पिशवीबरोबर आलेले प्लास्टिकचे तुकडे आत घाला.

आता स्टील की ॲल्युमिनियम. स्टीलच्या बाजूने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: तुटलं तर कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळतं. पण चांगल्या क्रोमोली (मिश्र स्टीलच्या) कॅरिअरची नळी पातळ असते. गेट आणि ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डरच्या हाताखाली ती जोडली जाण्याऐवजी जळून भोक पडण्याचीच भीती जास्त. शिवाय माझ्यासमोर रस्त्यात जे काही तुटलं ते बोल्टच होते, नळी कधीच नाही. स्टील कमी लवचतं आणि जास्त टिकतं, म्हणून महिनाभर फिरणाऱ्याने ते घ्यावं. कोकणातल्या चार-सहा दिवसांच्या फेरीला जाड नळीचं ॲल्युमिनियम पुरतं, आणि खाऱ्या हवेत गंजतही नाही. स्टील घेतलंत तर हूक घासतात तिथे आधीच इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळा. रंग उडाला की आठ दिवसांत तांबूस डाग दिसतो.

लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. चारही बोल्ट आधी हाताने सैल बसवा, फळी जमिनीला समांतर करा, मग 4 मिलीमीटरच्या ॲलन कीने घट्ट करा. आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावा. उजवीकडचा खालचा बोल्ट फ्रेमच्या आत किती बाहेर येतो ते बघा: जास्त आला तर मागच्या सर्वात छोट्या दातेरी चक्रावर साखळी त्याला घासते. शेवटी एका हाताने सीट आणि दुसऱ्याने कॅरिअरचं टोक धरून आडवं हलवा. कॅरिअर सायकलबरोबरच हललं पाहिजे, वेगळं हललं तर काहीतरी सैल आहे.

पहिल्या 30-40 किलोमीटरनंतर थांबून चारही बोल्ट पुन्हा आवळा. जवळ दोन जादा एम-5, म्हणजे 5 मिलीमीटर जाडीचे, बोल्ट ठेवा. ते घरी राहिले आणि वाटेत एखादा पडलाच, तर पाण्याच्या बाटलीचा पिंजरा काढा. त्याचे बोल्टही सहसा एम-5 च असतात.