आलेख काढण्याआधी फंक्शन वाचायचं कसं

दहावीपर्यंत आलेख म्हणजे तीन-चार बिंदू काढायचे, पट्टी लावायची आणि रेषा ओढायची. अकरावीत फंक्शन (क्षच्या प्रत्येक चालणाऱ्या किमतीला एकच य देणारा नियम) आलं की हीच सवय अंगाशी येते, कारण आता आलेख सरळ असेलच असं नाही आणि अखंड असेल याचीही खात्री नाही. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: क्षच्या कोणत्या किमती चालतात, आणि चालणाऱ्या प्रत्येक क्षला य एकच मिळतो का.

दुसरी गोष्ट आधी घेऊ. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एका जागी एका क्षणाला तापमान एकच असतं, म्हणून तापमान हे वेळेचं फंक्शन. उलटं मात्र जमत नाही: तेच तापमान पारा चढताना एकदा आणि उतरताना पुन्हा येतं, म्हणजे तापमानावरून वेळ ठरत नाही. कागदावर हे तपासायला पट्टी उभी धरा आणि डावीकडून उजवीकडे सरकवा. कुठेही ती आलेखाला एकाच वेळी दोन ठिकाणी छेदत असेल तर ते फंक्शन नव्हे. क्ष² + य² = २५ हे वर्तुळ इथेच बाद होतं, कारण क्ष = ३ ला य ४ही येतो आणि −४ही.

आता डोमेन, म्हणजे क्षच्या चालणाऱ्या किमती. समजा कूलरच्या टाकीत ६० लिटर पाणी आहे आणि तासाला ५ लिटर संपतं. य = ६० − ५क्ष. आडव्या अक्षावर १ सेंमी = १ तास, उभ्यावर १ सेंमी = ५ लिटर घ्या, म्हणजे आलेख १२ × १२ सेंमीत बसतो. रेषा (०, ६०) पासून (१२, ०) पर्यंतच. त्यापुढे नेली तर टाकीत उणे पाणी येईल. आणखी एक गोम: या प्रमाणात रेषा ४५ अंशांत उतरताना दिसते, पण चढ −५ आहे, −१ नाही. चढ कोनमापकाने मोजू नका. अक्षांवरचे आकडे वाचून यमधल्या फरकाला क्षमधल्या फरकाने भागा.

सगळ्यात जास्त गुण जातात ते क्ष² असलेल्या फंक्शनमध्ये. य = क्ष² − ६क्ष + ५ घ्या. कोष्टक भरण्याआधी अवयव पाडा: (क्ष − १)(क्ष − ५). आलेख आडव्या अक्षाला १ आणि ५ वर छेदणार, मधोमध क्ष = ३, तिथे य = −४. हाच सर्वांत खालचा बिंदू. क्ष ० ते ६ घेतल्यास य येतो ५, ०, −३, −४, −३, ०, ५. लागोपाठच्या किमतींतले फरक −५, −३, −१, १, ३, ५, म्हणजे दर वेळी २ ने वाढतात. क्ष एकेकाने वाढत असेल तर ही वाढ नेहमी क्ष²च्या सहगुणकाच्या दुप्पट असते. कुठे ती मोडली तर तिथलं गणित चुकलंय. बहुतेकदा (−१)² चं −१ झालेलं असतं. बिंदू हाताने, गोलाईने जोडा. पट्टीने जोडले तर तळाला टोक येतं, आणि परवलयाला, म्हणजे क्ष² च्या या वाटीसारख्या वक्राला, टोक नसतं.

हेच समीकरण (क्ष − ३)² − ४ असं लिहिलं की क्ष² चा आलेख ३ घरं सरकतो, पण उजवीकडे. वजा दिसतं म्हणून अनेकजण डावीकडे नेतात. कंस शून्य कधी होतो ते पाहा: क्ष = ३ ला. तळ तिथेच जाणार.

य = १/(क्ष − २) मध्ये पूर्णांकांचं कोष्टक फसवतं. क्ष = १ ला −१, क्ष = ३ ला १; दोन्ही जोडले की रेषा थेट क्ष = २ वरून जाते, जिथे फंक्शनच नाही. १.९ आणि २.१ घालून पाहा: −१० आणि १०. क्ष = २ वर तुटक उभी रेषा काढा आणि दोन्ही फांद्या वेगळ्या ठेवा.

टप्प्याचे दर, समजा पार्किंगचे २ तासांपर्यंत १० रुपये आणि त्यापुढे ४ तासांपर्यंत २० रुपये, पायऱ्यांसारखे येतात. (२, १०) वर भरीव ठिपका, (२, २०) वर पोकळ. मध्ये उभी रेघ नको.

उत्तर तपासायला जिओजेब्रा हे आलेख काढणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण हाताने काढून झाल्यावरच उघडा. त्यात (क्ष² − ४)/(क्ष − २) टाकलं की सलग सरळ रेषा दिसते. क्ष = २ ला किंमत नसल्यामुळे (२, ४) वर जे छिद्र आहे ते पडद्यावर सहसा दिसत नाही; उत्तरपत्रिकेत तो पोकळ ठिपका आपल्यालाच काढावा लागतो.