सुनावणी म्हणजे सुनावणं नव्हे: या चुका टाळा

साताऱ्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर हमखास कानावर पडणारं वाक्य: ‘पहिल्या तारखेला काही होत नसतं, नाही गेलं तरी चालतं.’ हे सांगणाऱ्यावर स्वतःवर बहुधा एकही दावा नसतो.

कोरेगाव तालुक्यातले एक काका बांधाच्या दाव्यात प्रतिवादी होते. भावकीतल्या एका जाणत्याने त्यांना हाच सल्ला दिला. काकांनी समन्स कॅलेंडरमागे खोचलं आणि माझ्याकडे आले दीड वर्षाने, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीतच कोर्टाचा निकाल, झाल्यावर. ‘समन्स मिळालंच नाही, वकीलसाहेब.’ रेकॉर्ड काढलं तर बेलिफाच्या (समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या) अहवालावर यांचीच ठळक सही! असा हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत ३० दिवस, आणि समन्स रीतसर मिळालेलं असेल तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे विलंबमाफीचा अर्ज वेगळा. कोर्टाने खर्च बसवून दावा पुन्हा चालवायला घेतला, पण एसटीची एक फेरी वाचवणं काकांना फार महागात पडलं.

सुनावणी म्हणजे तुमचं म्हणणं मांडायची संधी. तुम्ही ती घेतली नाहीत म्हणून कोर्ट थांबत नाही. आणि ती एका दिवसात उरकतही नाही; कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वादाचे मुद्दे, सरतपास (साक्षीदाराची आपल्या बाजूने साक्ष), उलटतपास (समोरच्या वकिलाचे त्याला प्रश्न), युक्तिवाद असा तो प्रवास असतो. माझी सवय सांगतो: समन्स हातात पडलं की त्यावरच मिळाल्याची तारीख पेनाने लिहायची. तिथून कैफियतीला ३० दिवस, कोर्टाने सवड दिली तरी ९०. मोबाईलवर काढलेला फोटो ‘शुभ सकाळ’च्या ढिगात गाडला जातो.

दुसरी चूक आपल्या भाषेनेच करून ठेवलीय. सुनावणी म्हणजे समोरच्याला चार शब्द सुनावायचे, असं समजून लोक उलटतपासात सुटतात. ‘बांध कोणी कोरला?’ एवढंच विचारलं, की आजोबांच्या वाटणीपासून सुरुवात. विचारलं तेवढंच सांगा. बाकीचं वकील बघतो.

फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस आली तर हरकत १५ दिवसांत, शक्यतो लेखी. तलाठ्याच्या नुसतं कानावर घातलं म्हणजे हरकत नोंदली गेलीच असं होत नाही.

कोर्टात नावाचा पुकारा होण्याच्या वेळी वडापाव खायला जाऊ नका.

आणि हायकोर्टातली सुनावणी म्हटली की लगेच मुंबईची गाडी बघू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) बसतंय, सातारा-सांगलीची प्रकरणं तिथेच चालतात.