कार्यशाळेतील प्लायवूडच्या जमिनीसाठी टिकाऊ लेप कसा निवडावा

औद्योगिक वसाहतीतील उंच गाळ्यात लोखंडी अँगलचा सांगाडा उभारून त्यावर १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड टाकले, की कमी खर्चात पोटमाळ्यावर कामाची जागा तयार होते. मात्र कोब्याच्या आणि फरशीच्या जमिनीची सवय असल्यामुळे अनेकजण या जमिनीवर हाताशी असलेला ऑइल पेंट लावून मोकळे होतात. पुढे टेबलाचे पाय सरकवल्याच्या रेघा उमटतात, सांध्यांवर रंगाचे पोपडे धरतात आणि उघड्या पडलेल्या जागेतून पाणी आत शिरते. प्लायवूडची जमीन पावलागणिक किंचित लवते आणि ऋतूनुसार तिचे सांधे हलतात. म्हणून लेप निवडताना त्याच्या चकाकीपेक्षा तो जमिनीबरोबर लवतो का आणि खराब झालेल्या तुकड्यापुरता दुरुस्त करता येतो का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

सुरुवात प्लायवूडपासूनच करावी. एम.आर. (ओलावारोधक) दर्जाचे प्लाय दमट हवा सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. जिथे छत गळण्याची किंवा पावसाचे पाणी आत येण्याची शक्यता आहे तिथे आय.एस. ७१० या भारतीय मानकानुसार प्रमाणित मरीन प्लाय घेणे योग्य. वरचा पापुद्रा कोणत्या लाकडाचा आहे हेही पाहावे. गर्जनचा पापुद्रा कठीण असतो, पॉपलरचा मऊ. लेप कितीही कठीण असला तरी हातोडी पडल्यावर खालचे मऊ लाकूड दबते आणि आधार गेलेला लेप तिथे तडकतो. त्यामुळे मऊ प्लायवर महागडा कठीण लेप देणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पर्याय पाहू. मेलामाइन आणि लॅकर हे फर्निचरचे लेप आहेत. त्यांचा थर ठिसूळ असल्याने ते जमिनीसाठी विचारात घेऊ नयेत. इपॉक्सी रसायनांना उत्तम तोंड देते आणि काँक्रीटवर वर्षानुवर्षे टिकते, परंतु लवणाऱ्या प्लायवर त्याला सांध्यांच्या रेषेत तडे जाण्याची भीती असते आणि उन्हाच्या तिरिपेत ते पिवळे पडते. जवसाचे उकळलेले तेल किंवा लाकडाचे तयार तेल पापुद्र्यात मुरते आणि वर वेगळा थर धरत नाही, त्यामुळे पोपडे निघण्याचा प्रश्नच येत नाही. झिजलेली जागा घासून तिथेच पुन्हा तेल लावता येते. मात्र पाणी आणि थिनर यांपासून तेल फारसे संरक्षण देत नाही, आणि दरवर्षी एक हात द्यावा लागतो. हत्यारांनी हाती काम करणाऱ्या सुताराला हा पर्याय मी निःशंकपणे सुचवेन.

जिथे यंत्रे आहेत, ऑइल सांडते आणि सामान ओढले जाते, तिथे हार्डनर (लेप घट्ट करणारा घटक) मिसळून वापरायचा, जमिनीसाठी बनवलेला दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) लेप सर्वांत भरवशाचा ठरतो. तो झिजेला दाद देत नाही आणि इपॉक्सीपेक्षा अधिक लवचीक असतो. तो मॅट प्रकारातच घ्यावा, कारण चकचकीत जमिनीवर प्रत्येक रेघ दिसते आणि बारीक भुसा पडल्यावर पाय घसरतो. वास आणि वाफा सहन होणार नसतील तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) पीयू घ्यावा. त्याच्या पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते हलके घासून काढावेत.

निवड पक्की करण्यापूर्वी त्याच प्लायच्या दोन-तीन तुकड्यांवर वेगवेगळे लेप देऊन आठवडाभर सुकू द्यावेत. मग त्यावर हातोडी टाकावी, लोखंडी पाय ओढावा, रात्रभर ओले फडके ठेवावे आणि ऑइल व थिनरचे थेंब सोडावेत. दुकानातल्या नमुन्यापेक्षा ही चाचणी अधिक खरे सांगते.

लेपाचे आयुष्य प्रत्यक्षात कडांवर ठरते. प्लायची कापलेली कड पाणी शोषून घेते, थर फुगतात आणि वरचा लेप आतून उचलला जातो. म्हणून प्लायचे पत्रे बसवण्यापूर्वीच चारही कडांना लेपाचे दोन हात आणि खालच्या बाजूला एक हात द्यावा. दोन पत्र्यांत २ ते ३ मिलिमीटर फट सोडून ती पीयू सीलंटने भरावी. सिलिकॉन टाळावे, कारण त्यावर कोणताही लेप धरत नाही. स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली बसवून वर लाकडाची लांबी (पुट्टी) भरावी.

पृष्ठभाग ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पेपरने घासावा. वरचा पापुद्रा फार पातळ असतो, त्यामुळे मशीन एका जागी थांबू देऊ नये. भुसा व्हॅक्यूमने काढून पहिला हात पातळ द्यावा, आणि दोन हातांमध्ये २२० नंबरने हलके घासून एकूण तीन हात द्यावेत. दारापाशी आणि टेबलासमोर चौथा हात द्यावा. जिन्याच्या तोंडाशी शेवटच्या हातात घसरणरोधक बारीक वाळू मिसळावी.

कोकणात किंवा मुंबईत हे काम पावसाळ्यात काढू नये. पीयूचा हार्डनर हवेतील बाष्पाशी अभिक्रिया करून बुडबुडे आणतो, आणि ओलसर प्लायवर दिलेला लेप नंतर सुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुफ्फुसांना अपायकारक आहे. साधा कापडी मास्क पुरत नाही; सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि हातमोजे वापरून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तेलाच्या पर्यायात धोका वेगळा आहे: जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे ढिगात पडले तर आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ते बाहेर मोकळे पसरून वाळवावेत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाकावेत.

लेप दिल्यावर २४ तासांनी अनवाणी किंवा मऊ चपलांनी चालता येते. यंत्रे मात्र सात दिवसांनंतरच, उचलून आणि पायांखाली रबराचे तुकडे देऊन ठेवावीत. टेबलासमोर, जिथे दिवसभर उभे राहायचे असते, तिथे रबरी चटई अंथरावी. पुढे दर दिवाळीच्या साफसफाईत दार आणि सांध्यांच्या कडा तपासाव्यात, आणि कुठे लाकूड उघडे दिसले तर तेवढाच भाग घासून त्याला त्याच दिवशी एक हात द्यावा.