लिनक्सवर सॉफ्टवेअर शोधताय? या चुका टाळा

विंडोजवरून लिनक्सवर आलेला माणूस पहिल्या दिवशी काय करतो? ब्राउझर उघडतो, हव्या त्या सॉफ्टवेअरचं नाव टाकतो आणि दिसेल ते डाउनलोडचं बटण दाबतो. मीही तेच केलं होतं. ईएक्सई फाइल उतरवली, डबल क्लिक केलं, तर झिप फाइल उघडावी तसा आर्काइव्ह मॅनेजर उघडला. आत विचित्र नावांचे चार फोल्डर. पुढे काय करायचं ते कळेना.

लिनक्सवर रस्ता उलटा आहे. प्रत्येक डिस्ट्रोचं (म्हणजे डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराचं) स्वतःचं भांडार असतं, म्हणजे रिपॉझिटरी. डेबियन १२ च्या भांडारात ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत, आणि ती तपासून, सही करून ठेवलेली असतात. म्हणून आधी डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये बघा. तिथे नसेल तर फ्लॅटहबवर, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या ‘फ्लॅटपॅक’ ॲप्सच्या साइटवर. तिथेही नसेल तरच सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवर. भलत्याच डाउनलोड साइटवर जायची वेळ शक्यतो येत नाही.

नावाने शोधणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘लिनक्ससाठी फोटोशॉप’ असं शोधलं की उत्तर येतं गिंप. मेनू अनोळखी वाटतात आणि ‘लिनक्सवर काहीच धड नाही’ असा निकाल अर्ध्या तासात लागतो. पण मुळात काम काय होतं? कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्सचा उजेड आणि रंग सुधारायचे असतील तर डार्कटेबल हवं. चित्र काढायचं असेल तर क्रिता, लोगो करायचा तर इंकस्केप. फोटोतली मागची भिंत कापून टाकायची असेल, तर मात्र गिंपच.

पीडीएफचंही तसंच. पानं मागेपुढे करायला पीडीएफ अरेंजर, पानावर स्टायलसने लिहायला झूर्नल प्लस प्लस, वाचता वाचता ओळी रंगवायला ऑक्युलर. सगळं करणारा एकच प्रोग्रॅम शोधत बसलात तर हे तिन्ही हुकतील.

टर्मिनलचं वावडं नसेल तर ॲप्ट ही डेबियन-उबुंटूवर पॅकेजेस शोधायची आणि बसवायची कमांड वापरा. ‘ॲप्ट सर्च’च्या पुढे इंग्रजीत पीडीएफ आणि मर्ज असे दोन शब्द द्या. दोन्ही शब्द ज्यांच्या नावात किंवा वर्णनात आहेत तेवढीच पॅकेजेस येतात. मग ‘ॲप्ट शो’ने एकेकाचं वर्णन वाचा. इन्स्टॉल करून बघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

‘अनएबल टू लोकेट पॅकेज’

हा एरर, म्हणजे ‘पॅकेज सापडत नाही’, आला की लोक थेट तिऱ्हाईत साइट शोधायला धावतात. जरा थांबा. नव्या इन्स्टॉलवर पॅकेजांची यादीच ताजी नसते, तेव्हा आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने). तरीही मिळालं नाही तर नाव तपासा, कारण कमांडचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. आयएफकॉन्फिग ही कमांड नेट-टूल्स नावाच्या पॅकेजात असते, हे आपोआप कुणाला सुचणार? उबुंटूवर ‘युनिव्हर्स’ हा विभाग बंद राहिलेला असेल तरी बरीच पॅकेजेस गायब दिसतात.

आवृत्ती जुनी म्हणून नाक मुरडणं

डेबियन स्टेबलवर आकडा जुना दिसतो, कारण आवृत्त्या मुद्दाम गोठवलेल्या असतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या आवृत्तीत भरल्या जातात. नवं फीचर खरंच हवं असेल तर तेवढं एक ॲप फ्लॅटपॅकने घ्या. त्यासाठी डेबियनच्या पुढच्या आवृत्तीची भांडारं या आवृत्तीत मिसळू नका. आज चालेल, पण पुढच्या अपडेटला गुंता होईल आणि तो सोडवता सोडवता रविवार जाईल.

फ्लॅटपॅकच्याही खोड्या आहेत. पहिलं ॲप घेताना सोबत काहीशे एमबीचं रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणाऱ्या सामायिक फाइल्स, उतरतं; पुढची ॲप्स बऱ्याचदा तेच वापरतात. शिवाय ॲप स्वतःच्या कुंपणात चालतं. व्हिडिओ एडिटरला दुसऱ्या ड्राइव्हवरचा फोल्डर दिसत नसेल तर ड्राइव्ह बिघडलेली नाही, परवानगी दिलेली नाही. फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप घ्या आणि त्यात तो फोल्डर जोडा.

ॲपइमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी एकाच फाइलीतली ॲप, उघडतच नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती चालवायची परवानगी द्या. उबुंटू २२.०४ पासून ॲपइमेजला लागणारं लिबफ्यूज २ हे पॅकेज सोबत येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. २४.०४ मध्ये त्याच्या नावाला शेवटी ‘टी६४’ लागलं आहे.

एकच ॲप दोनदा

ब्राउझर उघडला आणि सगळे बुकमार्क गायब! मी बॅकअप शोधत बसलो होतो. शेवटी लक्षात आलं की मेनूत त्याच ब्राउझरचे दोन आयकॉन आहेत, एक डेब पॅकेजचा (डिस्ट्रोच्या भांडारातला) आणि एक फ्लॅटपॅकचा. दोघांच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरांत, म्हणून दुसरा कोराच उघडला. उबुंटू २२.०४ पासून तर ॲप्टने फायरफॉक्स मागितला तरी स्नॅपच (उबुंटूचा फ्लॅटपॅकसारखा प्रकार) येतो. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये ‘सोर्स’ असा बारीक रकाना असतो, तो बघूनच इन्स्टॉल दाबा.

वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये विस्कटली तर लगेच दुसरं ऑफिस शोधू नका. बऱ्याचदा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलेडिया हे मोफत फॉन्ट बसवा आणि फाइल पुन्हा उघडा.

न वाचता एन्टर

२०२१ मध्ये एका गाजलेल्या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेम्सचं ॲप बसवायला घेतलं. पॅकेजमधल्या चुकीमुळे ॲप्ट अख्खा डेस्कटॉप काढायला निघालं होतं. तसा इशाराही स्क्रीनवर होता. पुढे जायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं टाइप करायला सांगितलं होतं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेला. नंतर ॲप्टमध्येच बदल करून असलं काम अवघड केलं गेलं. पण एखादा पीपीए (उबुंटूसाठीचं बाहेरचं भांडार) जोडल्यावर, किंवा कुठूनतरी उचललेली कमांड सुडोने चालवल्यावर, छोट्या प्रमाणात हेच होऊ शकतं.

‘विल बी रिमूव्हड’ या ओळीखाली काय लिहिलंय ते बघा. तिथे डेस्कटॉप, नेटवर्क मॅनेजर किंवा न ओळखीची वीस नावं दिसली तर ‘एन’ दाबा. ‘वाय’ आधीच दाबून झालं असेल, तर व्हार, लॉग, ॲप्ट अशा फोल्डरांच्या आत ‘हिस्टरी डॉट लॉग’ ही फाइल असते. काय आलं आणि काय गेलं, त्याची तारीखवार नोंद तिथे मिळते. गेलेली नावं तिथून उचलून परत इन्स्टॉल करता येतात.