कॉम्प्रेशन अचानक गेलं? हेड उतरवण्याआधी हवा कुठून निसटते ते शोधा

जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबून धरायची ताकद) गेलं की सल्ला ठरलेला असतो: "रिंगा गेल्या, इंजिन खोला." अचानक गेलेल्या कॉम्प्रेशनसाठी हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, हजारो किलोमीटरमध्ये झिजतात. आधी गाडी ऑइल खायला लागते, सायलेंसरमधून निळा धूर येतो, पिकअप हळूहळू कमी होतो. काल नीट चाललेली गाडी आज एका सिलिंडरवर मिस मारत असेल किंवा चालूच होत नसेल, तर संशय दुसरीकडे जायला हवा. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा पट्टा) तुटला असेल किंवा दात सोडून सरकला असेल, व्हॉल्व्ह वाकला किंवा जळला असेल, त्याची स्प्रिंग तुटली असेल, हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याच्या खालचं पॅकिंग) फुटलं असेल, पिस्टनला भोक पडलं असेल. यातल्या प्रत्येक वेळी हवा वेगळ्या वाटेने निसटते आणि ती वाट हेडला हात न लावता सापडते.

आधी सेल्फचा आवाज

एकदाच, दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, जलद आणि एकसुरी फिरलं तर बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी, तिथेच थांबा. ऑइल भरायचं झाकण काढा, आत व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर किंवा कॅम दिसतो. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. पुली फिरते आणि कॅम हलत नाही म्हणजे बेल्ट गेला. "परत परत सेल्फ मारून बघा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो, तिथे असे प्रयत्न उरलेले व्हॉल्व्हही वाकवू शकतात. हाताने फिरवतानाही अडलं तर जोर लावू नका. बेल्ट तुटला नसेल तरी टायमिंगच्या खुणा जुळवून पाहा, एक-दोन दात सरकले तरी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं.

आवाज लंगडा असेल, म्हणजे तीन ठोके जड आणि चौथा घसरल्यासारखा, तर एकच सिलिंडर गेला आहे.

एक प्रकार यात न मोडणारा. गाडी थंड असताना चालू करून लगेच बंद केली आणि नंतर ती चालूच झाली नाही, तर पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं गेलेलं असू शकतं. प्रत्येक प्लगच्या भोकात छोटा चमचाभर ऑइल घाला, प्लग काढलेले असतानाच इंजिन थोडं फिरवा, प्लग बसवा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. चालू झाली तर इंजिन ऑइल बदला, कारण त्यात पेट्रोल उतरलेलं असतं.

गेज लावणे

कॉम्प्रेशन गेज प्लगच्या भोकात लावतात, ते सिलिंडरमधला दाब दाखवतं. इंजिन चालू होत असेल तर कोमट करून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सगळे प्लग काढा, कॉइलचं कनेक्शन आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, कार्ब्युरेटर असेल तर चोकही उघडा ठेवा. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फने पाच-सहा ठोके द्या आणि पहिल्या ठोक्याचा आकडाही लिहून ठेवा. थ्रॉटल बंद राहिला तर चारही सिलिंडर खराब दिसतात आणि चांगलं इंजिन उगाच खोललं जातं.

साधारण ९:१ च्या (म्हणजे हवा नवव्या हिश्श्यात दाबणाऱ्या) पेट्रोल इंजिनला १५० ते १८० पीएसआय (दाबाचं माप) मिळायला हवेत. सिलिंडरमधला फरक त्याहून महत्त्वाचा: सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला की दोष आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट. एकच सिलिंडर शून्यावर असेल तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा पिस्टन फुटला आहे. चारही सारखे कमी आले तर आधी थ्रॉटल आणि टायमिंग पुन्हा तपासा.

गेजच्या होजमधला छोटा व्हॉल्व्ह खराब झाला म्हणून तिथे टायरचा व्हॉल्व्ह बसवू नका. त्याची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे आकडे खोटेच कमी दिसतात. आणि हे गेज डिझेल इंजिनाला लावायचं नाही. तिथला दाब दुपटीहून जास्त असतो, त्याचं गेज वेगळं मिळतं.

ऑइल घालून चाचणी: इथे फसगत होते

पडलेल्या सिलिंडरमध्ये ऑइल घालून पुन्हा गेज लावायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पद्धत बरोबर आहे, पण "थोडं ऑइल ओता" हे सांगणं चूक. हिशेब करून पाहा. १००० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे २५० सीसी. ९:१ असेल तर पिस्टन टॉपला, म्हणजे सर्वांत वर, आल्यावर जेमतेम ३१ सीसी जागा उरते. त्यात १० मिलि ऑइल गेलं की जागा २१ सीसीवर येते आणि प्रमाण जवळपास १३:१ होतं. मग रिंगा कशाही असल्या तरी आकडा वाढणारच. म्हणून ऑइल ५ मिलिच घाला, सिरिंजने मोजून. तेवढंच ऑइल एका चांगल्या सिलिंडरमध्येही घाला आणि दोन्हीकडची वाढ ताडून पाहा. खराब सिलिंडर चांगल्यापेक्षा बराच जास्त वाढला, तरच रिंगांवर बोट ठेवा.

हवा भरून ऐकणे

निर्णय द्यायचा तो या चाचणीने. प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचं. कॉम्प्रेशन गेजचाच होज वापरत असाल तर त्यातला व्हॉल्व्ह आधी काढा, नाहीतर हवा आत जाणारच नाही.

सगळं अवलंबून आहे ते पिस्टन नेमका टॉपला आणण्यावर, आणि टॉप दोन असतात. पुलीची खूण दोन्ही वेळा जुळते. एक कॉम्प्रेशनचा टॉप, त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दुसरा एक्झॉस्टचा टॉप, तेव्हा दोन्ही जरा जरा उघडे. दुसऱ्यावर हवा सोडलीत तर कार्ब्युरेटर आणि सायलेंसर दोन्हीकडून फुसफुस येते आणि धडधाकट व्हॉल्व्ह जळाले असं वाटतं. दोन्हीकडून एकदम हवा आली की आधी टॉपवरच शंका घ्या. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा फेरा सुरू झाला. मग भोकात लांब प्लॅस्टिकची नळी धरा. ती वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाऊ लागते. त्या थांबण्याच्या मधोमध पिस्टन हवा. खूण ओलांडली तर नुसतं उलटं फिरवून भागवू नका, पूर्ण दोन फेरे पुढे फिरवून पुन्हा या.

नळी बाहेर काढा, पुलीवरचा पाना काढा, गाडी टॉप गिअरमध्ये घाला, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. ७० मिमी व्यासाच्या पिस्टनवर १०० पीएसआय म्हणजे अडीचशे किलोंहून जास्त जोर. पिस्टन टॉपपासून जरासा सरकलेला असला तरी इंजिन झटकन फिरतं आणि राहिलेला पाना हाताचं हाड मोडू शकतो. सुरुवात २० पीएसआयने करा, इंजिन हललं नाही तर हळूहळू वाढवा.

आता एअर फिल्टर काढलेल्या तोंडाशी कान न्या. तिथे आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेंसरच्या टोकाशी आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली किंवा रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा गेलेलं हेड (रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्यावरच काढा). डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीतून हवा जोरात येत असेल तर पिस्टन किंवा रिंगा. इथे घाई नको: चांगल्या इंजिनातही रिंगांच्या फटीतून थोडी हवा जातेच. चांगल्या सिलिंडरचा आवाज आधी ऐका, मग खराब सिलिंडरचा.

व्हॉल्व्हमधून हवा जाते, तरी हेड लगेच नको

टॅपेट कव्हर काढा. तुटलेली स्प्रिंग डोळ्यांनी दिसते. पिस्टन त्याच टॉपला असताना टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, फीलर गेजच्या पातळ पानांनी मोजा. सर्वांत पातळ पानही शिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. मॅन्युअलप्रमाणे अंतर ठेवा आणि पुन्हा हवा सोडून ऐका. शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेल्या जुन्या इंजिनांत एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) झिजून व्हॉल्व्ह वर सरकतात आणि हे अंतर संपतं.

अंतर बरोबर असूनही हवा जात असेल तर खाली कार्बनचा तुकडा अडकलेला असू शकतो. हवा चालू ठेवूनच व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके दोन-तीन टोले द्या. व्हॉल्व्ह किंचित उघडतो, हवेच्या झोताने तुकडा उडतो आणि फुसफुस एकदम थांबते. डोळ्यांवर गॉगल हवा. आवाज थांबला तर प्लग लावून गाडी चालवून आणा आणि गेज पुन्हा लावा. नाही थांबला, तर आता हेड उतरवा, आणि नवं हेड गॅस्केट आधी हातात असू द्या.