क्लस्टर पिवळा पडला? इलॅस्टिकसर्चची रेप्लिका परत उभी करताना

इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन अनेक सर्व्हरवर (नोडवर) मिळून चालतं, त्या गटाला क्लस्टर म्हणतात. प्रत्येक इंडेक्स, म्हणजे डेटाचा संच, 'शार्ड' नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो: मूळ तुकडा प्रायमरी, त्याची जादा प्रत रेप्लिका. पिवळा म्हणजे सगळे प्रायमरी शाबूत आहेत, सर्च चालू आहे, फक्त जादा प्रत जागेवर नाही. तेव्हा आधी एक मिनिट हात लावू नका. नोड पडल्यावर इलॅस्टिकसर्च स्वतःच मिनिटभर थांबते. तो नुसता रीस्टार्ट होत असेल तर शेकडो जीबी इकडून तिकडे हलवण्यात काय अर्थ? देखभालीसाठी नोड मुद्दाम बंद करायचा असेल, तर हा डिलेड टाइमआउट आधीच 10 मिनिटांवर नेऊन ठेवा.

तरीही पिवळाच असेल तर अंदाज बांधत बसू नका, शार्ड जागेवर का बसत नाही ते सांगणाऱ्या ॲलोकेशन एक्सप्लेन एपीआयला विचारा. इंडेक्सचं नाव, शार्डचा नंबर आणि 'प्रायमरी: फॉल्स' (म्हणजे रेप्लिकाबद्दल विचारतोय) एवढं द्या, काहीच न देता बोलावलं तर ते आपल्या मनाने जागा न मिळालेला कुठलातरी बेवारस शार्ड उचलतं. उत्तरात प्रत्येक नोडसमोर 'नो' म्हणणारा डिसायडर, म्हणजे शार्ड अडवणारा नियम, वाचा.

'सेम शार्ड' असेल तर नोडच कमी आहेत. प्रायमरी आणि तिची रेप्लिका एका नोडवर कधीच बसत नाहीत, त्यामुळे एकाच नोडचा क्लस्टर रेप्लिका 1 ठेवून हिरवा होणारच नाही. 'डिस्क थ्रेशोल्ड' असेल तर डिस्क 85 टक्क्यांच्या पुढे गेलीय: जागा करा. 95 टक्क्यांना इंडेक्सवर लिहिणंच बंद होतं. 'एनेबल' दिसला तर मागच्या रोलिंग रीस्टार्टला (एकेक नोड बंद-चालू करताना) कुणीतरी ॲलोकेशन 'प्रायमरीज'वर, म्हणजे फक्त प्रायमरी बसवण्यावर, ठेवून विसरलंय. सेटिंग नल करा, म्हणजे ते मूळ स्थितीला जाईल. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

'मॅक्स रिट्राय' म्हणजे पाच वेळा प्रयत्न फसले आणि क्लस्टरने नाद सोडला. नोडच्या लॉगमधलं मूळ कारण आधी दूर करा, मग शार्ड पुन्हा बसवायला लावणाऱ्या रीरूट कमांडला 'रिट्राय फेल्ड: ट्रू' द्या. उलट क्रमाने केलंत तर आणखी एकदा आपटेल, इतकंच.

कॉपी सुरू झाली की तिची प्रगती दाखवणारी कॅट रिकव्हरी फक्त चालू असलेल्या रिकव्हरींपुरती बघा. वेगाची मूळ मर्यादा नोडमागे सेकंदाला 40 एमबी. म्हणजे 200 जीबीचा शार्ड अख्खा जायला साधारण 85 मिनिटं. रात्री ट्रॅफिक कमी असताना मर्यादा वाढवा, सकाळी परत उतरवा.

रेप्लिका 0 करून पुन्हा 1 करण्याची युक्ती चालते, पण नवी प्रत पूर्ण होईपर्यंत सगळा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर असतो. त्यात ती डिस्क गेली तर पिवळ्याचा लाल होतो, म्हणजे प्रायमरीच जागेवर राहत नाही.

लाल असेल तर पडलेला नोड त्याच्या जुन्या डेटा फोल्डरसकट परत आणणं हाच पहिला उपाय. ते जमलं नाही तर स्नॅपशॉट, म्हणजे आधी घेतलेला बॅकअप. तोही नसेल तेव्हाच 'ॲलोकेट स्टेल प्रायमरी', म्हणजे मागे पडलेली प्रत प्रायमरी म्हणून बसवणं. 'ॲक्सेप्ट डेटा लॉस: ट्रू' लिहिल्याशिवाय ती कमांड चालतच नाही. 'ॲलोकेट एम्प्टी प्रायमरी' मात्र कोरा शार्ड उभा करते, आणि नंतर जुना नोड परतला तरी त्याच्यावरचा त्या शार्डचा डेटा टाकून दिला जातो.