गोल्डफिश उलटा तरंगतोय? या चुका टाळा

मासा पोट वर करून तरंगायला लागला की घरात धावपळ उडते आणि पहिला हात जातो औषधाच्या बाटलीकडे. मेथिलिन ब्लू, अँटिबायोटिक, दुकानदार देईल ते टँकमध्ये ओतलं जातं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. उलटं तरंगणं हे लक्षण आहे. कारण बहुतेक वेळा खाण्यात किंवा पाण्यात सापडतं.

माशाचं मांस आणि हाडं पाण्यापेक्षा जड. ते वजन तोलून धरते कण्याखालची हवेची पिशवी, म्हणजे वाताशय. गोड्या पाण्यातल्या माशांत ती शरीराच्या आकारमानाच्या साधारण ७ टक्के भरते. (सुरमईला ती नसतेच, म्हणून ती सतत पोहत राहते.) गोल्डफिशच्या वाताशयाला दोन कप्पे असतात आणि मागच्या कप्प्यापासून एक बारीक नळी अन्ननलिकेत उघडते. पृष्ठभागावर गिळलेली हवा तिथूनच आत जाते आणि जास्तीची बाहेर पडते. आतडं आणि वाताशय असे शेजारी, त्यामुळे पोट फुगलं की तोल बिघडलाच. ओरांडा, रियुकिन, रँचू या गोल्डफिशच्या जातींच्या आखूड, गोलमटोल अंगात तर सगळे अवयव दाटीवाटीनं बसलेले असतात, म्हणून ही तक्रार त्यांच्यात जास्त.

तरंगणारं कोरडं खाणं रोज मूठभर टाकणं थांबवा. ते टिपताना मासा बरीच हवा गिळतो आणि दाणे पोटात जाऊन फुगतात. बुडणारे दाणे घ्या, टाकण्याआधी थोडा वेळ भिजवा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. मासा आधीच उलटा झाला असेल तर दोन-तीन दिवस उपाशी ठेवा. मोठ्या गोल्डफिशला त्याचा त्रास होत नाही. मग उकडलेला मटार साल काढून, कुस्करून, चिमूटभर द्या. थंडीत पाणी गार झालं की पचनही मंदावतं, तेव्हा खाणं आपोआप कमी करायला हवं.

हाच मटार एंजलफिशला देऊन फारसा उपयोग नाही. त्याच्या वाताशयाला ती नळीच उरलेली नसते. हवा रक्तातून आत सोडली जाते आणि रक्तातच परत शोषली जाते. मासा कोणता, हे पाहूनच उपाय ठरवा.

पाणी न तपासता उपचार सुरू करू नका. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवीत. ती वाढलेली दिसली तर घाबरून सगळं पाणी एकदम बदलू नका आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, ही द्रव्यं संपवणारे उपयोगी जिवाणू त्यातच असतात. २५ ते ३० टक्के पाणी बदला, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घालून, टँकच्याच तापमानाचं.

सुईनं हवा काढणं, अंगाला बूच बांधणं असले प्रयोग घरी अजिबात करू नका. त्या जिवाला विनाकारण यातना होतात.

खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, तर मटारानं भागणार नाही. आतल्या अवयवांना संसर्ग झालेला असू शकतो. अशा माशाला वेगळ्या टाकीत हलवून मासे तपासणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

काही मासे सगळं करूनही कायमचे तिरके राहतात, पण खातात, फिरतात. त्यांना टाकून देऊ नका. फिल्टरचा जोर कमी करा, पाण्याची उंची उतरवा आणि दाणा चिमट्यानं थेट तोंडापाशी धरा. पाण्याबाहेर राहणारी कातडी लाल होतेय का, तेवढं रोज बघा.